सातवी वीण

दगड नव्हता.

चंद्रमती साडेचारला कॉलेजातून परतली, चपला दाराशी काढल्या आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच, रोजच्यासारखी, हॉलमधल्या काचेच्या टाकीपुढं वाकली. डाव्या कोपऱ्यात, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या लांब पात्यांपुढं, तळहाताएवढा सपाट काळा दगड असायला हवा होता. तिथं वाळूत त्याच आकाराचा खळगा होता, आणि खळग्यावर मादी उभी होती. उभी म्हणजे मासे उभे राहतात तशी, जागच्या जागी, छातीजवळचे पर हलवत, वाळूला वारा घालत. खाली काही नव्हतं. अंडी असताना घालायचा वारा ती रिकाम्या वाळूला घालत होती. नर टाकीच्या दुसऱ्या टोकाला काचेला तोंड लावून स्वतःच्याच प्रतिबिंबावर तुटून पडत होता, मागं सरत होता, पुन्हा तुटून पडत होता. दोन इंचांचे मासे. बुटके सिक्लिड, या जातीला धंद्यात रॅम म्हणतात. निळे ठिपके, डोळ्यावरून खाली उतरणारी काळी रेघ. चंद्रमतीच्या कानांत काहीतरी वाजायला लागलं. पंखा होता तो. किंवा नव्हता.

"वाचवली," मागून तिचे थोरले भाऊ रंगराव म्हणाले.

तिनं मान वळवली नाही.

"अंडी वाचवली म्हणतो मी. तू सकाळी सांगून गेलीस ना, आज फुटणार म्हणून? साडेअकराला पाहिलं तर ही बाई अंडी चावत होती. तोंडात घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत, चंद्रा! तसाच धावत खाली एस.टी.डी. बूथवर गेलो, चेन्नईला मासेवाल्या सुब्रमण्यमला फोन लावला. तो म्हणाला, सार, आई-बापाचा भरवसा नाही, दगड काढा आधी. काढला."

"कोठे आहे?"

"फ्रिजवर. सगळी जिवंत आहेत. निळं औषध घातलं, नळी सोडली, बुडबुडे काढले. सगळं तुझ्या कपाटात होतं." आणि मग, शाबासकीची जागा मोकळी ठेवून, "एकही मेलं नाही."

चावत नव्हती. (हे ती मोठ्यानं बोलली नाही, तिला वाटलं, बोलली.) चावत नव्हती, अण्णा, कवच सोलत होती. तिसऱ्या दिवशी अंडं फुटायला येतं तेव्हा आई ते तोंडात घेते, चघळते, पिल्लू मोकळं करते आणि खळग्यात नेऊन ठेवते. हे पुस्तकात आहे. पुस्तकात आहे, आणि या टाकीत आजवर एकदाही घडलं नव्हतं. आज साडेअकराला, ती कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना ब्यूरेट कशी धरायची ते सांगत असताना, पहिल्यांदा घडत होतं.

फ्रिजवर बरणी होती. नार्तंगाईच्या, म्हणजे इथल्या मोठ्या लिंबाच्या, लोणच्याची, रुंद तोंडाची. आत निळंशार पाणी, दगड तिरपा, नळीचे बुडबुडे. तिनं डोळा काचेला लावला. दगडावर दीडशेएक शेपट्या. डोकी चिकटलेली आणि शेपट्या सगळ्या एकदम थरथरताहेत. फुटली होती. सोलायला आई नव्हती तरी फुटली होती.

"बरणी कशानं धुतलीत?"

"शिकेकाईनं. लोणच्याचा वास जायला नको? तीन वेळा खळबळून घेतली."

"शिकेकाईनं."

"का, साबण नाही लावला मी. मजला एवढं कळतं."

शिकेकाईचा फेस पाण्यात गेला तर माशांचे कल्ले निकामी होतात, हे ती गेली सोळा वर्षं रसायनशाळेत डेमॉन्स्ट्रेटर असलेली बाई त्यांना सांगू शकली असती. तिनं बरणी उतरवली. दोन्ही हातांत धरून, पोटाशी, टाकीपर्यंत आणली. स्टूल ओढलं. बरणी स्टुलावर, टाकीपेक्षा खाली. टाकीत पातळ नळीचं एक टोक सोडलं, दुसऱ्या टोकानं पाणी ओढून घेतलं, नळीला सैल गाठ मारली. टाकीतलं पाणी बरणीत पडायला लागलं, थेंबाथेंबानं. बरणी भरत आली की वाटीनं वरचं निळं काढायचं. पुन्हा थेंब. पाऊण तास तरी. निळं जाईल, टाकीचं पाणी येईल, मग दगड पुन्हा आपल्या जागी.

"पुन्हा आत?" रंगराव म्हणाले. "चंद्रा, पुन्हा आत घालणार? खातील ना!"

ती गाठ सारखी करत होती.

"इथं जगतील. तिथं खातील. तूच सांग, तू शिकलेली."

आणि ते खरं होतं. राग आला तो त्याचाच. रंगरावांचं म्हणणं नेहमीच खरं असे. बरणीत ठेवली असती तर दीडशेतली शंभर जगली असती, तिनं त्यांना आर्टेमियाची बारीक कोळंबी उबवून घातली असती, सहा महिन्यांनी शंभर निळे रॅम. आणि ते शंभर पुढं अंडी घालून स्वतःच खाऊन टाकणारे. जसे हे दोघं. जसे यांचे आईबाप. दोन वर्षांपूर्वी ती बसनं आठ तास प्रवास करून चेन्नईला गेली होती, मांडीवर ऑक्सिजन भरलेली पिशवी घेऊन परतली होती. तेव्हा सुब्रमण्यमनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं की हा माल सिंगापूरचा, मॅडम, आता सगळं येतं, पूर्वी असलं पाहायला मिळत नव्हतं. सहा पिढ्या, मॅडम, एकानंही आईचं तोंड पाहिलेलं नाही, अंडी पडली की तिथं लगेच दगड उचलतात, शंभर टक्के रिझल्ट. त्यानं हे शेतातल्या बियाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. ती दुकानात उभी राहिली, पिशवीतल्या दोघांकडं पाहत. आणि तिनं ठरवलं. काय ठरवलं हे तिला नीट सांगता आलं नसतं. दगड उचलायचा नाही, एवढं.

श्री. सुब्रमण्यम यांस,
आपण आज दुपारी माझ्या गैरहजेरीत माझ्या भावास दूरध्वनीवरून जो सल्ला

नाही.

मनातलं हे पत्र इंग्रजीत होतं. तक्रार इंग्रजीतच करायची असते. फार तर तमिळमध्ये, भाजीवाल्याशी. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या या घरातल्या मराठीत तक्रारीला शब्द नव्हते. ती मराठी जेवलीस की, झोपलीस की, दिवा लाव, एवढ्यापुरती उरलेली. असलीच तक्रार तर कॉफी पातळ झाल्याची. तिच्या वहीत मात्र मराठी होती. माशांची वही, तापमान आणि आम्लता आकड्यांत, आणि शेरे मराठीत पण तमिळ लिपीत, कारण देवनागरी या घरात वडिलांनंतर कोणी वाचली नव्हती. त्या वहीतलं एक पान:

पहिली वीण. त्याच संध्याकाळी खाल्ली.
दुसरी. दुसऱ्या दिवशी, दिवा लावल्याबरोबर.
तिसरी. पांढरी पडली. मग खाल्ली.
चौथी. नर.
पाचवी. दोघांनी मिळून.
सहावी.

सहावीपुढं काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ती टाकीसमोर पाट घेऊन बसली होती आणि मादीनं एकेक अंडं, घाई न करता, पंगतीत बसल्यासारखं संपवलं होतं. राजम, रंगरावांची बायको, मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, ही बया भारी आहे. नऊ महिने नाही, उलट्या नाहीत, आणि वर भूक लागली तर बाळंच." चंद्रमती तेव्हा हसलीसुद्धा होती. मग तिनं पाणी बदललं. ऐप्पसीच्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसाचं पाणी गच्चीवरच्या पिंपात साठवलेलं होतं. बोअरचं जड पाणी थांबवलंच. कॉलेजच्या आवारातली बदामाची वाळकी पानं आणून टाकली, पाणी फिक्या चहासारखं झालं. पापनाशमच्या बाजूला पाटाच्या कडेनं वाढणारी हिरवळ उपटून आणून कोपरे दाट केले, की माद्यांना आडोसा लागतो. राजम म्हणाली कषाय, काढा केलास की काय टाकीचा. आणि चंद्रमती वाट पाहत राहिली. खाऊ देत. खातील, पुन्हा घालतील, पुन्हा खातील. कधीतरी यांच्या अंगातलं काहीतरी, सहा पिढ्यांखाली गाडलेलं, आठवेल. माशाला आठवतं का? तिला ठाऊक नव्हतं. रसायनशास्त्रात त्याला उत्तर नाही. पण सातव्या वेळी, रविवारी दुपारी, अंडी पडली आणि सोमवारी होती. मंगळवारी होती. मादी जेवायला आली नाही. नर पहारा करत होता, काचेजवळ माणूस आलं की परांचा पंखा करून अंगावर येत होता. बुधवारी सकाळी तिनं घरात, कॉफी पिताना, एवढंच सांगितलं: आज फुटतील, टाकीला कोणी हात लावू नका.

हात लावू नका. याचा अर्थ रंगरावांनी काय घेतला? लक्ष ठेवा, असा घेतला. त्यांना एखादं काम पाहिजे होतं. कारखान्यानं चौपन्नाव्या वर्षी त्यांना हार घालून, पितळी नटराज देऊन, स्वेच्छेनं असं कागदावर लिहून घरी पाठवलं होतं, आणि त्यांची स्वेच्छा कोणी विचारली नव्हती. हे तिला कळत होतं. म्हणून तर त्यांच्यावर चिडता येत नव्हतं. एवढ्या मायेनं घर लुटणाऱ्या माणसावर चिडायचं कसं?

श्री. सुब्रमण्यम यांस,
शंभर टक्के म्हणजे काय, हे आपण एकदा

"वन्सं, कॉफी निवते." राजम डबरा-टंबलरमध्ये कॉफी घेऊन आली. बरणीकडं पाहून म्हणाली, "पाहा बाई. सलाईन लावलंय! माझ्या प्रवीणच्या वेळी मिशन हॉस्पिटलात एवढी बडदास्त नव्हती."

"तू गप," रंगराव म्हणाले.

"मी कशास गप? मी सांगत होते ह्यांना, ती येईतो थांबा. ऐकतात? हात कोपरापर्यंत पाण्यात. सगळी फरशी ओली. मीच पुसली."

"थांबलो असतो तर दहासुद्धा उरली नसती."

"तुम्हाला कसं ठाऊक?" चंद्रमती म्हणाली.

तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. रंगरावांनाही वाटला असावा. ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, धोतराच्या काठानं पुसला.

थेंब पडत होते. बरणीतला निळा आता आकाशी झाला होता. तिनं वाटीनं वरचं पाणी काढून बादलीत ओतलं. दगडावरच्या शेपट्या थरथरत होत्या. प्रवीणच्या वेळी. राजमनं सहज म्हटलं, आणि सहज म्हटलेलं नेमकं खोल जाऊन बसतं. प्रवीणकुमार नऊ महिन्यांचा होता, चंद्रमती एकोणिसाची. राजमचं अंग वातानं धरलेलं, ती अंथरुणाला खिळलेली. पोर दिवसभर चंद्रमतीच्या कडेवर. ती त्याला शिवगंगेच्या तळ्यावर न्यायची आणि बोलायची. नुसती बोलायची. हे पाणी. ही पायरी. तो मासा पाहिलास की, केवढं तोंड उघडतो, तुजसारखा. आजीकडून आलेली सगळी मराठी, जुनाट, इथल्या उन्हात वाळलेली, महाराष्ट्रातून आलेला पाहुणा जिला हसला होता ती, तिनं त्या पोराच्या कानात ओतली. आणि पोर घेत होतं. त्यानं पहिला शब्द म्हटला तो 'मासा' होता. 'मा' म्हटलं, राजम म्हणाली आई म्हणाला. पण चंद्रमती तिथं होती, पोर पाण्याकडं बोट दाखवत होतं. मग एका रविवारी जेवताना रंगराव म्हणाले. ओरडून नाही. ते कधीच ओरडत नसत. भातावर रसम घेत, अगदी हळू: "चंद्रा, त्याच्याशी मराठी नको आजपासून. डॉक्टरनं लिहिलंय मासिकात, लहानपणी तीन भाषा झाल्या तर जीभ अडते. पुढं त्याचंच नुकसान. आपण इंग्रजी आणि तमिळ ठेवू." तिनं "बरं" म्हटलं. तिनं काय म्हटलं? बरं. एकोणीस वर्षांची मुलगी, ताटात बोटं, बरं. आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर तिनं पोराला पाण्याकडं बोट करून दाखवलं आणि तोंड उघडलं, आणि. आणि मिटलं. पोर तिच्या तोंडाकडं पाहत राहिलं, आता काय येतंय म्हणून. तेवीस वर्षं झाली. ते पाहणं तिच्या मानेशी कुठंतरी अजून चिकटलेलं आहे, ओल्या पानासारखं. प्रवीणकुमार आता बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याची जीभ कुठंही अडली नाही. मराठी सगळी कळते त्याला, बोलता येत नाही. रविवारी फोन येतो; आईशी तमिळ, बापाशी इंग्रजी, आणि मग अत्याला द्या म्हणतो, आणि दोघांच्या मध्ये एक गप्पगार जागा उभी राहते. "अत्या. हाउ आर द फिश?" फाइन, ती म्हणते. दे आर फाइन.

कोणी काही हिसकावलं नव्हतं. हेच. जपून, काळजीनं, त्याच्याच भल्यासाठी काढून घेतलं होतं, आणि शंभर टक्के रिझल्ट.

श्री. रंगराव यांस,

तिनं मनातली लेखणी खाली ठेवली. पाणी फिक्या चहाचं झालं होतं. निळं गेलं होतं.

तिनं बाही वर केली. दगड उचलून, पाण्याबाहेर येऊ न देता, वाटीत सरकवला, वाटी टाकीत बुडवली, आणि दगड खळग्यात ठेवला. तिरपा, पूर्वी होता तसा. हात काढला. दिव्याखाली दीडशे शेपट्या. तिला वाटलं मादी लगेच येईल. मादी आली नाही. ती पात्यांमागं गेली होती, आणि तिच्या अंगावरचे रंग उतरले होते. पाच तास रिकाम्या वाळूला वारा घालून तिनं सोडून दिलं होतं, किंवा विसरली होती. नर आला. काचेवरून वळला, दगडाकडं आला, डोळा तिरपा करून पाहिलं, आणि खाली वाकून एक घास घेतला. त्याचा जबडा हलला. दुसरा घास.

"खाल्लं!" रंगराव उठले. "सांगत होतो मी! चंद्रा, अगं उचल!"

ती हलली नाही. तिसरा घास. हे तिला ठाऊक होतं, हेच होणार हे तिनं धरलेलं होतं, तरी तिचा हात आपोआप काचेच्या काठावर गेला. उचलावं. बरणी अजून स्टुलावर होती. शंभर जगतील. कोणाला काय फरक पडतो, कोणी कोणाला वाढवलं? मासे आहेत. रंगरावांनी मात्र वाट पाहिली नाही. शर्टाची बाही न सारता त्यांनी हात टाकीत घातला, सरळ दगडाकडं.

तिनं त्यांचं मनगट धरलं. पाण्यात. काठावरून दंडापर्यंत तिचा हात आत गेला, ब्लाउजची बाही भिजली, आणि तिनं त्यांचं मनगट धरलं ते सोडलं नाही. बाहेरही ओढलं नाही. तिथंच, दगडापासून वीतभर अंतरावर, दोघांचे हात पाण्यात.

"सोड."

"नाही."

"अगं तो खातोय!"

"खाऊ दे. तुम्ही हात लावायचा नाही." आणि ती मराठीत बोलत होती, भरभर, आजीच्या मराठीत, कुठून आली कोण जाणे: "प्रत्येक वेळी तुम्हीच का? कोणी विचारलं तुम्हाला? मी सांगितलं होतं हात लावू नका. सांगितलं होतं की नाही? प्रवीणच्या वेळीसुद्धा मी बोलले नाही. मी बरं म्हटलं. मजला बरं म्हणायला नको होतं."

"प्रवीण?" रंगराव म्हणाले. "प्रवीणचं काय इथं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

राजम दारात होती. ती म्हणाली, "पाहा."

मादी आली होती. पात्यांमधून, तुटक तुटक, थांबत. नराच्या बरगडीवर तिनं धडक दिली. तो मागं सरला, पुन्हा आला, तिनं पुन्हा दिली. मग ती दगडावर वाकली आणि तोंड उघडलं. आणि तोंड भरून शेपट्या आत घेतल्या.

"गेलं," रंगराव पुटपुटले. "तिनंही गिळलं."

चंद्रमतीला आपली नाडी त्यांच्या मनगटात लागत होती, की त्यांची तिच्या बोटांत. मादीचे गाल फुगलेले होते. गिळलं तर गाल बसतात. तिनं पाहिलं आहे, सहा वेळा पाहिलं आहे, कसे बसतात. बसले नाहीत. मादी वळली, तोंड मिटलेलं, वाळूवरून हातभर गेली, मुळांपाशी डोकं खाली केलं, आणि थुंकली. वाळूत एक थरथरणारा पुंजका. तिनं त्याच्याकडं पाहिलं. (पाहिलं असंच म्हणायला हवं.) मग परतली, दुसरा घास, पुन्हा मुळांपाशी. नर आता मध्ये येत नव्हता. तिसऱ्या खेपेला तो दगडाच्या वरच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पर ताठ करून, बाहेर तोंड करून.

राजमनं पदर तोंडाशी नेला होता.

चौथ्या खेपेला मादी अर्ध्या वाटेत थांबली. तिला बोटं दिसली. रंगरावांची, पाण्यात लोंबणारी, पांढरट, सुरकुतलेली पाच बोटं. तिच्या अंगावर रंग असा आला की जणू आतून कोणी दिवा वाढवला. पोट जांभळट, डोळ्यावरची रेघ काजळासारखी. तिनं तोंडातली पिल्लं मुळांपाशी ठेवली, वळली, आणि सरळ येऊन रंगरावांच्या मधल्या बोटाला तोंड मारलं.

"अय्यो!" ते दचकले. हात मागं घ्यायला गेले. चंद्रमतीनं मनगट घट्ट धरलं.

मादीनं पुन्हा मारलं. पुन्हा. दोन इंचांची, अंग ताठ करून, अंगठीच्या बोटाला, मग करंगळीला.

"लागतंय का?" चंद्रमतीनं विचारलं.

"छे. लागण्यासारखं काय आहे त्यात. एवढंसं तोंड." ते हसायचा प्रयत्न करत होते. "हात काढू दे ना, चंद्रा. कळलं."

"तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "तिचं संपलेलं नाही अजून."

आणि तिनं त्यांचा हात तिथंच धरून ठेवला.